इंग्रजी वाक्यातील कर्म ओळखताना

ठाण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू करणाऱ्या तुमच्यासारख्या बहुतेकांना क्रियापदाला ‘काय’ किंवा ‘कोणाला’ असा प्रश्न विचारायची शालेय युक्ती ठाऊक असते. ती टाकाऊ नाही, परंतु अपुरी आहे. ‘शी बिकेम अ टीचर’ या वाक्यातही ‘काय’चे उत्तर मिळते, तरी ‘अ टीचर’ हे कर्म नसून कर्त्याचीच ओळख सांगणारे पूरक आहे; ‘शी मेट अ टीचर’मध्ये मात्र भेटणारी आणि भेटलेली व्यक्ती वेगळी असल्यामुळे ते कर्म ठरते.

म्हणून वाक्य कर्मणी प्रयोगात फिरवून पाहा. पहिल्या वाक्याचा तसा प्रयोग होत नाही, दुसऱ्याचा होतो. ‘हॅव’सारखी काही क्रियापदे या कसोटीला दाद देत नाहीत, तरीही ‘आय हॅव अ पास’मधील ‘अ पास’ कर्मच आहे, हे लक्षात असू द्या.

माझ्या मते खरा घोटाळा मराठी विभक्तीमुळे होतो. आपण ‘ते स्थानकात शिरले’ म्हणतो, म्हणून ‘दे एन्टर्ड द स्टेशन’मध्ये स्थळ दिसताच विद्यार्थी कर्म नाकारतात; पण तिथे शब्दयोगी अव्यय नाही आणि ‘द स्टेशन’ हे थेट कर्म आहे. ‘दे वेन्ट टू वाशी’मध्ये ‘टू’ असल्यामुळे वाशी क्रियापदाचे कर्म नाही, ‘दे व्हिजिटेड वाशी’मध्ये आहे. ‘दे लेफ्ट यस्टरडे’मधील ‘यस्टरडे’ केवळ काळ सांगते.

‘शी गेव्ह हिम अ तिकीट’ यात दोन कर्मे आहेत: तिकीट प्रत्यक्ष, ‘हिम’ अप्रत्यक्ष.