समीकरणात संख्या पलीकडे नेली की चिन्ह का बदलतं? आठवीतल्या मुलीला कसं समजावू?

'पलीकडे नेली' हेच आधी विसरायला सांगा. संख्या कुठे जात नाही. मंडईतला जुना तराजू आठवा: एका पारड्यातून काही काढलं, तर दुसऱ्यातूनही तेवढंच काढायचं, नाहीतर काटा ढळतो.

५क्ष − ७ = २क्ष + ८ घ्या. दोन्हीकडून २क्ष काढले, उरलं ३क्ष − ७ = ८. आता दोन्हीकडे ७ मिळवा: ३क्ष = १५. म्हणून क्ष = ५. ताळा बघा: डावीकडे २५ − ७ = १८, उजवीकडे १० + ८ = १८. जुळलं.

तो −७ पलीकडे जाऊन +७ झाला असं फक्त दिसतं. प्रत्यक्षात आपण दोन्हीकडे ७ मिळवले. मी कोथरूडला शिकवण्या घेतो. माझ्याकडची निम्मी मुलं इथे नाही, कंसात अडकतात. ३(क्ष − ४) चं ३क्ष − ४ करतात, ३क्ष − १२ ऐवजी. पहिला महिना मधली एकही पायरी गाळू देऊ नका, वही भरली तरी चालेल.

(क्ष हे अक्षर खटकत असेल तर भास्कराचार्य अव्यक्तासाठी, म्हणजे माहीत नसलेल्या संख्येसाठी, 'या' लिहीत, यावत्तावत् ('जितकं-तितकं') मधला. मुलांना हे भारी आवडतं.)