ज्वालामुखीच्या तळ्याचं पाणी तपासून उद्रेक आधी कळतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. न्यूझीलंडमधल्या रुआपेहू ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या तळ्याचं पाणी नियमित तपासतात असं वाचलंय, तर त्या तपासणीच्या भरवशावर पुढच्या महिन्यात वर जावं का? आणि लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तोही असाच इशारा होता का?

लोणारचं आधी सांगते: नाही. लोणार उल्का आदळून झालेलं विवर आहे. आजूबाजूचा कातळ ज्वालामुखीचा खरा, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालाय. तिथलं पाणी अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. जून २०२० मधला गुलाबी रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता, खालून काही वर येत नव्हतं.

रुआपेहूला मात्र खालून सतत काहीतरी येत असतं. सुमारे २,५०० मीटर उंचीवर, बर्फाच्या कुशीत हे आम्लाचं तळं आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी, माओरींनी, दिलेलं नाव ते वाई आ-मोए. शिलारसातून सुटलेले सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड असे वायू भेगांतून वर येतात. एरवी ते हवेत उडून गेले असते, इथे त्यांचा बराचसा भाग पाण्यात अडकतो आणि क्लोराइड, सल्फेट होऊन साठत राहतो. मी पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, ज्वालामुखीवाल्यांशी माझा कामाचा संबंध नाही. पण डोंगराच्या पोटातली कित्येक महिन्यांची आवक एका बाटलीत उतरते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अडचण अशी की वरून बर्फ वितळून पाणी येतं, पाऊस पडतो, तळं तापलं की वाफ जाते. मग क्लोराइड वाढलं ते खालून आलं म्हणून, की पाणी आटलं म्हणून? नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. म्हणून दोन घटकांचं प्रमाण बघतात. आमटीत पाणी ओतलं तर मीठ आणि गूळ दोन्ही फिके पडतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. तसं इथे मॅग्नेशियम आणि क्लोराइड. क्लोराइड येतं वायूतून, मॅग्नेशियम येतं खडकातून. ताजा, गरम शिलारस आम्लाच्या पाण्याला भिडला की मॅग्नेशियम भराभर विरघळतं आणि क्लोराइडच्या तुलनेत चढतं. वेर्नर गिगेनबाख या रसायनतज्ज्ञाने १९७१ च्या उद्रेकांच्या वेळी हेच प्रमाण धरून तळ्याखाली काय चाललंय ते वाचलं होतं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. (अतिशय आम्ल आणि तापलेल्या तळ्यातून हायड्रोजन क्लोराइड स्वतःच वाफेबरोबर निसटतो, तिथे हा हिशेब चुकतो. कोस्टा रिकातलं पोआस त्यासाठी प्रसिद्ध आहे.)

जपानमधल्या कुसात्सु-शिरानेच्या युगामा तळ्यावर वेगळीच खूण सापडली. सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यात एकत्र आले की पॉलिथायोनेट नावाची गंधकाची संयुगं तयार होतात. खालून गरम सल्फर डायऑक्साइडचा लोंढा वाढला की हीच संयुगं तुटतात. बोकुइचिरो ताकानो यांनी १९८७ मध्ये दाखवलं की ती पाण्यातून नाहीशी होणं आणि ज्वालामुखीची हालचाल वाढणं यांचा मेळ बसतो. नमुन्यात काय आहे हे बघायची आम्हाला सवय असते. इथे काय नाहीसं झालं तेही बघावं लागतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, आणि इथे मी तुम्हाला सावध करणार आहे. २५ सप्टेंबर २००७ ला रुआपेहूचा उद्रेक झाला तेव्हा तळं थंड होतं आणि इशारा (० ते ५ पैकी) नेहमीच्या १ या पातळीवर होता. माथ्याजवळच्या निवाऱ्यात थांबलेला एक गिर्यारोहक गंभीर जखमी झाला. तळाशी वितळलेलं गंधक असतं. ते साधारण १२० अंशांना वितळतं, पण १६० अंशांच्या आसपास एकदम काकवीसारखं घट्ट होतं. गंधक आणि खनिजं मिळून वायूची वाट बुजवतात, वर येणारी उष्णता कमी होते, तळं गार पडतं आणि खाली दाब वाढत जातो. म्हणजे थंड तळं निर्धास्त नसतं. उलट २०२२ मध्ये पाणी ४० अंशांच्या वर गेलं, डोंगर जोरात थरथरत होता, इशारा २ वर नेला, आणि उद्रेक झालाच नाही.

शिवाय बाटली आठवड्यांतून, कधी महिन्यांतून एकदा भरली जाते. असे वाफेचे स्फोट काही तासांत जुळून येऊ शकतात. म्हणूनच पोआसला तळ्याजवळ वायू मोजणारं यंत्र बसवलं, आणि २०१४ च्या स्फोटांआधी सल्फर डायऑक्साइड व कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण थोड्या अवधीत बदलताना दिसलं. आणि जागाही चकवते. २३ जानेवारी २०१८ ला कुसात्सु-शिरानेवर स्फोट झाला तो युगामात नव्हे, तिथून दोनेक किलोमीटर दक्षिणेला मोतोशिरानेवर. लक्ष मुख्यतः युगामावर होतं. एका सैनिकाचा जीव गेला.

तरीही मी तुम्हाला जाऊ नका म्हणणार नाही. मी स्वतः दोनदा काठापर्यंत गेले आहे. निघायच्या दिवशी जिओनेटची, म्हणजे तिथल्या ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेची, इशारा पातळी बघा. २ असेल तर माथ्याचा विचार सोडा. १ असेल तर 'आज काही होणार नाही' असा अर्थ काढू नका. 'डोंगर जागा आहे, वेगळं काही दिसत नाही' एवढंच त्यातून कळतं. माओरींसाठी ती जागा पवित्र आहे, पाण्यापर्यंत उतरू नका. आणि धोका तुम्ही किती वेळ वर थांबता त्यावर वाढतो, म्हणून डबा काठावर उघडू नका. डोळे भरून बघा, फोटो काढा, आणि जेवण खाली उतरल्यावर करा.