तेरवी झाली, पाहुणे गेले, आता काय?

प्रश्न : शेजारचे भाऊजी डवरणीच्या दिवसांत शेतात साप चावून गेले. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. काल तेरवी झाली. घरात वहिनी, म्हातारी सासू, शाळेतली दोन लेकरं. पाच एकर कपाशी उभी आहे. "काही लागलं तर सांगा" म्हणून आले, पण वहिनी काहीच सांगत नाहीत.
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : सांगणारही नाहीत. काय लागेल ते त्यांनाच अजून उमगलेलं नाही, आणि मागायचा संकोच वेगळाच. म्हणून कामच धरून जा. "मंगळवारी आमचा डवरा तुमच्या वावरात लावतो," "बुधवारी ग्रामपंचायतीत सोबत येते."

घाई कागदांची आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, त्यातले १३ तेरवीतच गेले. आधार आणि सातबाऱ्यावर नाव जसं आहे तसंच लिहून घ्या; एका अक्षराचा फरक पुढे प्रत्येक टेबलावर अडवतो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या.

मग पासबुक भरून आणा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा आहे, २० कापले असतील तर अपघाताचा सुरक्षा विमा. दोन्ही २ लाखांचे; दावा बँकेतच द्यायचा. सर्पदंशाला दवाखान्याची नोंद लागते, ती आत्ताच मागून घ्या. शिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख आहेत. तो प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो. हे प्रकरण बहुतेकदा गाव नमुना ६-क वर, म्हणजे वारसाच्या नोंदीवर रखडतं. तलाठ्याकडचा अर्ज याच आठवड्यात द्या.

भाऊजींच्या एटीएम कार्डाचा पिन माहीत असला तरी त्याने पैसे काढू नयेत. पुढे दीर-भावांत त्यावरूनच भांडण लागतं. "त्यांच्याकडं माझे वीस हजार होते," म्हणत कुणी येईलच. नाव, रक्कम, तारीख वहीत लिहा. असं मागायला येणाऱ्याच्या कुठल्याच कागदावर वहिनींची सही किंवा सासूबाईंचा अंगठा नको.

डबा रोज नेऊ नका, दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. आठवड्याचे दोन वार ठरवा आणि ते चुकवू नका. कपाशी वेचणीला येईपर्यंत तरी.

पोळा जवळ आलाय. घरात सण नसला तरी बैल तोरणात कोण नेणार, हे आदल्या दिवशीच सासूबाईंना विचारून ठरवा.