भाला मोडताना नेमकं कुठे बघायचं?

इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्समधल्या ॲरंडेल किल्ल्यात दर जुलैत आठवडाभर जाउस्टिंगचे सामने होतात. चिलखत घातलेले दोन घोडेस्वार समोरासमोर दौडत येऊन एकमेकांवर भाले मोडतात. उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या वाचकांची याविषयी पत्रं आली आहेत. त्यांतले काही प्रश्न.

मुलगा लंडनला असतो. सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आम्ही दोघं ॲरंडेलला जाणार आहोत. गुडघे फारशी साथ देत नाहीत. दिवस कसा आखावा? (डोंबिवली)

लंडन व्हिक्टोरियाहून थेट गाडी आहे, साधारण दीड तास लागतो. स्टेशनातून किल्ला चालत दहा-पंधरा मिनिटांवर, पण शेवटी चढ आहे. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते, तेव्हा शक्यतो मधल्या वारी जा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि दारं उघडायच्या सुमारास पोहोचा. आत गेल्या गेल्या सामन्यांच्या वेळा बघून घ्या आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवा. तंबू, लोहार, धनुर्विद्या हे सगळं दिवसभर चालूच असतं; सामना तेवढा वेळेवर सुरू होतो.

किल्ल्याची सुरुवात १०६७ची. उंचवट्यावरच्या जुन्या बालेकिल्ल्याला शंभरावर पायऱ्या आहेत. नातवाला तिथे मुलगा नेईल. तुम्ही सामन्याच्या पाऊण तास आधी सतरंजी टाकून जागा धरा. मैदानाच्या दोरीला चिकटून बसू नका. तिथे मुलांना पुढच्यांची डोकीच दिसतात, शिवाय लाकडाच्या ढलप्या तिथवर उडू शकतात. थोडं मागे, उतारावर, दोन स्वारांना वेगळं ठेवणाऱ्या मधल्या कुंपणाच्या साधारण मध्यासमोर बसावं.

छत्री नको, टोपी आणि रेनकोट न्या. फटकन उघडलेल्या छत्रीला घोडा बुजतो आणि मागचे लोक बोलतात ते वेगळंच. दशम्या आणि चटणी बरोबर असली तर खाण्याच्या रांगेतला अर्धा तास वाचतो, आणि नेमका तो अर्धा तास घोडे तयार होत असतानाचा असतो. ते बघणं चुकवू नये.

मागच्या वर्षी बघितलं. दोघं आले, ‘टाक्’ आवाज झाला, संपलं! काहीच कळलं नाही. बघायचं तरी काय? (रेडिंग)

मधल्या कुंपणाच्या दोन बाजूंनी दोघं येतात आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताला कुंपण असतं. भाला मात्र उजव्या काखेत, घोड्याच्या मानेवरून डावीकडे तिरका धरलेला. म्हणजे तुम्ही मैदानाच्या कुठल्याही बाजूला बसा, जवळच्या स्वाराचा भाल्याचा हात दिसतो आणि लांबच्या स्वाराची ढाल. दोन्ही एकदम बघायला गेलात की दोन्ही निसटतात. बहुधा एका जोडीच्या तीन दौडी होतात. पहिल्या दौडीला जवळच्याचा हात बघा, दुसरीला लांबच्याची ढाल, तिसरीला मन मानेल तसं.

हातात काय बघायचं? भाला तीन-साडेतीन मीटर लांब. निघताना तो उभा असतो आणि शेवटच्या काही टापांत खाली येतो. चिलखताच्या छातीवर उजवीकडे लोखंडी आकडा असतो, त्यावर तो टेकवतात. धक्का मनगटावर न येता अंगावर यावा म्हणून. भाला लवकर खाली आणला तर टोक प्रत्येक टापेबरोबर गोल फिरायला लागतं आणि नेम जातो. उशिरा आणला तर टोक खाली येता येताच समोरचा गाठतो आणि वार कुंपणावर किंवा, देव न करो, घोड्यावर जातो. चांगल्या स्वाराचं टोक शेवटच्या दोन टापांत जवळजवळ स्थिर झालेलं दिसतं. हे एकदा दिसलं की पैसे वसूल.

दुसरी गोष्ट मान. काही जण बेडकाच्या तोंडासारखं शिरस्त्राण घालतात. ते छातीच्या चिलखताला पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे मान वळतच नाही. पुढे वाकलं तरच फटीतून दिसतं. टक्कर व्हायच्या क्षणी स्वार ताठ होतो, फट वर जाते आणि ढलपी डोळ्यात जायची वाट बंद होते. म्हणजे शेवटच्या क्षणी तो आंधळाच असतो. ही खबरदारी उगाच नाही. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या शिरस्त्राणाच्या फटीतून मोडक्या भाल्याचे तुकडे आत घुसले आणि १० जुलैला तो वारला.

भाले मुद्दाम मोडके केलेले असतात का? मग ही लुटुपुटूचीच लढाई ना? (नाशिक)

मोडावेत म्हणूनच बनवलेले असतात. आज पुष्कळ ठिकाणी मागचा दांडा टणक लाकडाचा आणि पुढचा तुकडा बाल्सासारख्या हलक्या लाकडाचा, खोबणीत बसवलेला असतो. तो तुकडा मोडला की बदलायचा. काही स्वार अखंड पाइनचा भाला घेतात. त्याच्या टोकाला बोथट काटे असलेला छोटा मुकुट असतो. तो ढालीवर रुतून बसतो, पण आरपार जात नाही. भाला तिरका येत असल्यामुळे त्याला बाक बसतो आणि तो मोडतो.

धक्का मात्र खरा असतो. दोन्हीकडून घोडे दौडत येतात, त्यामुळे वेग जवळजवळ दुप्पट होतो. पडणारा खरोखर पडतो, आणि पडताना त्याच्या अंगावर वीस-पंचवीस किलो किंवा त्याहून जास्त लोखंड असतं. लुटुपुटूचं काही असेलच तर ते दोन सामन्यांच्या मधलं भांडणाचं नाटक.

गुण कसे देतात? (पुणे)

आयोजकांगणिक फरक असतो, सुरुवातीला निवेदक सांगतो ते नीट ऐका. ढोबळमानाने ढालीला नुसता स्पर्श सगळ्यात कमी, भाला मोडला तर जास्त, समोरचा खाली पडला तर सर्वात जास्त. १४६६ साली जॉन टिपटॉफ्ट या सरदाराने इंग्लंडसाठी नियम लिहिले, त्यांतही मोडलेले भाले मोजायचे. घोड्याला मारलं तर बक्षीस नाही आणि तीनदा कुंपणाला लागलं तरी नाही. या दोन कलमांतच कळतं की नेहमी काय चुकत असणार.

आपल्याकडचं टेंट पेगिंग आणि मराठ्यांचा भाला हे यातलंच का? (बेळगाव)

नाही. टेंट पेगिंगमध्ये समोर माणूस नसतो. भरधाव घोड्यावरून जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भाल्याने उचलायची असते. स्पर्धेतली खुंटी सहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे तिथे सगळा खेळ नेमाचा. त्याच्या जवळचं काही हवं असेल तर अमेरिकेतल्या मेरीलँडचं रिंग जाउस्टिंग बघा. टांगलेल्या छोट्या कड्यांतून भाल्याचं टोक घालत जायचं. १९६२ पासून तो त्या राज्याचा अधिकृत खेळ आहे.

मराठी भाला बांबूचा आणि हलका, मोडायचा नव्हे तर टिकायचा. आणि कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत दिसणारा विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, तो फेकून परत ओढायचा असतो. जाउस्टिंगवाल्याच्या हातात तो दिला, तर दोरीचं काय करायचं, हा त्याला पहिला प्रश्न पडेल.