केमो डे-केअरला नवीन लागलीयेस ना, मग हे वाच

अगं, पेशंट खेकसला तर मनाला लावून घेऊ नकोस, केमोसोबत डेक्सा (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) देतात त्याने बऱ्याच जणांची झोप उडते, चिडचिड होते, राग तुझ्यावर नसतोच. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटला ते लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) सुरू झालं की 2-3 आठवड्यांत केस जातात हे आधीच नीट सांग, उशीवर झुपका बघून कळणं फार वाईट. आणि "काही होत नाही हो काकू" हे तर प्लीज बोलूच नको, स्टूल ओढून बस, विचार कशाची जास्त काळजी वाटतेय, बऱ्याचदा मरणाची नसतेच, पोरीच्या लग्नाची नाहीतर बिलाची असते, मग सोशल वर्करला गाठ. पण जगायचंच नाही असं कोणी बोललं तर हसण्यावारी न्यायचं नाही हां, लगेच सिस्टर इनचार्ज आणि डॉक्टरांना कळव.