मायग्रेनच्या गोळीने मेंदूज्वर बरा होतो का?

तुम्ही मालवणहून विचारलंय: मायग्रेनची औषधं जीवाणूंच्या मेंदूज्वरावर चालतात असं वाचलं, मग पत्नीची गोळ्यांची पट्टी अडीअडचणीला कामी येईल का? नाही येणार. बातमी मात्र खोटी नाही.

मार्च २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये हार्वर्डच्या आयझॅक च्यू यांच्या गटाचं संशोधन छापून आलं. मेंदूज्वरात सुजतं त्या मेंदूच्या आवरणात वेदना कळवणाऱ्या नसा असतात. न्यूमोकोकस जीवाणूचं न्यूमोलायसिन हे विष त्यांना चेतवतं आणि त्या सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात. मायग्रेनमध्ये डोकं ठणकतं त्यातही याच रसायनाचा हात असतो. ते आवरणातल्या मॅक्रोफेज या पहारेकरी पेशींच्या रॅम्प१ रिसेप्टरवर (संदेश पकडणाऱ्या खाचेवर) बसलं की जीवाणू मारणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावण्याचे त्यांचे संदेश मंदावतात. गजर वाजतोय आणि पहारेकरी पेंगतोय, असा प्रकार. उंदरांमध्ये हा दुवा औषधाने तोडल्यावर मेंदूत जीवाणू कमी सापडले. माणसांवरचा उपचार इथून बराच लांब आहे.

घरातली पट्टी बहुधा सुमाट्रिप्टानची किंवा एर्गोटामिन-पॅरासिटामॉल मिश्रणाची असेल. सीजीआरपीचा रिसेप्टर थेट अडवणारी औषधं वेगळी: रिमेजेपंट, एरेनुमॅब. उद्या त्यांचा उपयोग ठरलाच, तरी तो अँटिबायोटिकच्या जोडीने असेल, त्याऐवजी नव्हे.

मला खरा धोका उलट बाजूला वाटतो. उलटी आणि उजेड सहन न होणं दोन्ही आजारांत असतं; त्यात मिश्रणातलं पॅरासिटामॉल ताप दाबतं, आणि ‘नेहमीचंच डोकं’ म्हणून रात्र जाते. ताप, हनुवटी छातीला न टेकणं, बरळणं, काचेचा ग्लास दाबूनही न पुसट होणारं पुरळ, यांतलं एक जरी डोकेदुखीसोबत दिसलं तरी १०८ ला फोन करा.

रुग्णालयात रक्त कल्चरला (जीवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) घेऊन प्रौढाला सेफ्ट्रिअॅक्झोन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून दर १२ तासांनी, सोबत व्हॅन्कोमायसिन. पन्नाशीपुढे लिस्टेरिया या जीवाणूसाठी अॅम्पिसिलिनही. सूज उतरवणारं स्टिरॉइड डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी किंवा बरोबरच, मग दर ६ तासांनी, ४ दिवस. सीटी किंवा पाठीतलं पाणी काढण्यासाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीला हलवायचं असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस निघण्यापूर्वीच द्यायला सांगा. त्यानंतर कल्चरमध्ये जीवाणू कदाचित उगवणार नाहीत, पण ते परवडतं.

पावसाळ्यात चिखलात काम झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लेप्टोतही (लेप्टोस्पायरोसिसमध्येही) मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि सेफ्ट्रिअॅक्झोन त्यावरही चालतं. दोडामार्ग-बांद्याकडे गोचीड चावली असेल तर माकडतापाचा विचार करावा लागतो, तो विषाणूचा, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही.