घरच्या भांड्यांच्या दुकानाच्या पोस्ट चॅटबॉटकडून कशा करून घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये तांब्या-पितळेच्या भांड्यांचं घरचं दुकान आहे, गल्ल्यावर सासरे बसतात, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप सगळं तुम्ही एकट्या बघता. रोज 'आज काय टाकायचं' यातच संध्याकाळ जाते. चॅटजीपीटीकडे महिन्याच्या पोस्ट मागितल्या, तर कुठल्याही दुकानाला खपतील अशा मिळाल्या. मी इथल्याच लहान दुकानांची पेजेस सांभाळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चॅटबॉट समोरच्या मजकुरावरून पुढचा मजकूर जुळवतो. समोर काहीच नसलं, की जगात जे सगळ्यात जास्त वेळा लिहून झालंय तेच तो देतो. 'आरोग्यदायी जीवनशैलीसाठी तांबे निवडा' हे त्यातूनच येतं. त्यामुळे आधी माल द्यायचा आणि मग पोस्ट मागायच्या. सगळा वेळ वाचतो तो इथे.

आणि माल तुमच्या घरातच आहे. सासरे गिऱ्हाइकाशी जे बोलतात ते विचारून फोनवर रेकॉर्ड करा. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी का कळकते, मठारलेला, म्हणजे हातानं ठोके देऊन घडवलेला हंडा आणि मशीनवरचा हंडा हातात घेतल्यावर कसा ओळखायचा, समईचं वजन का बघायचं, मोड म्हणजे जुनी भांडी वजनावर कशी घेता. पंधरा-वीस मिनिटांचं बोलणं पुष्कळ झालं. मग ते ऐकत ऐकत दुसऱ्या फोनच्या कीबोर्डवरच्या माईकवर स्वतः बोला, की मराठीत उतरतं. उतरवताना थोड्या चुका राहतील, चालतील. मग ते जसंच्या तसं चॅटबॉटला द्या आणि असं काहीतरी सांगा:

'हे आमच्या दुकानातलं बोलणं आहे. यातून गिऱ्हाइकाला पडणारे वेगवेगळे प्रश्न काढ. प्रत्येक प्रश्नावर एक रील होईल असं बघ. पहिलं वाक्य प्रश्नाचंच ठेव. सासरे बोलतात तीच भाषा ठेव, पुस्तकी शब्द नको. यात नसलेली कुठलीही माहिती स्वतःहून घालू नको. काही कमी वाटलं तर मला विचार.'

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. नुसतं 'विचार' म्हटलं तरी तो विचारतो: कल्हईचा दर काय, घरपोच देता का, दुकान कधी बंद असतं. ही उत्तरं एका नोटमध्ये साठवून ठेवा आणि दर वेळी आधी तीच चिकटवा. सोबत तुमच्याच जुन्या पाच-सहा पोस्ट द्या, ज्यांवर लोकांनी खरोखर चौकशी केली होती. नमुना समोर असला की भाषा बरीच सुधारते.

आता एका विषयाचे दहा तुकडे कसे होतात ते बघा. कल्हईच घ्या. भांडं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कथलाची कांडी फिरवली आणि कापसानं पुसता पुसता आतली बाजू चांदीसारखी झाली. हे एकदाच, सलग शूट करा. त्यातून एक पूर्ण रील होईल, नुसत्या धुराची आणि नुसत्या पुसण्याची अशा दोन लहान रील होतील. 'कल्हई कधी करायची' ही फेसबुक पोस्ट, व्हॉट्सॲप स्टेटसची तीन वाक्यं, गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलसाठी चार ओळी आणि नेहमीच्या कमेंट्सना द्यायची उत्तरं, हे सगळं लिहायला चॅटबॉटला दोन मिनिटं लागतात. शूटिंगला अर्धा दिवस जाईल, तो जाऊ द्या. कॅप्शनची पहिली ओळ मात्र स्वतः तपासा, कारण उरलेलं 'अधिक' दाबल्याशिवाय दिसत नाही.

महिन्याचं वेळापत्रकही त्याच्याकडून करून घ्या, पण तारखा तुम्ही पंचांगातून द्या. त्याच्या भरवशावर सोडलं तर धूलिवंदनाला रंगांची पोस्ट येईल. आपल्याकडे नाशकात रंग रंगपंचमीला आणि रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात! धनत्रयोदशी त्याला माहीत असते, पण गुढीवरचा तांब्या, गणपतीआधीची ताम्हन-पळी-पंचपात्राची खरेदी, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नाची भांडी हे सांगावं लागतं. पितृपक्षात लोक नवी खरेदी टाळतात, तेव्हा विक्रीऐवजी निगा राखण्याच्या पोस्ट ठेवा. आणि अधिक महिना विसरू नका. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयाच्या वाणासाठी ताट, दिवा, निरांजन घ्यायला लोक येतात, आणि हा महिना दरवर्षी येत नसल्यामुळे तयार वेळापत्रकात तो कधीच सापडत नाही. सिंहस्थाचाही विचार आत्तापासून करा. बाहेरून आलेला माणूस गोदावरीचं पाणी न्यायला झाकणाचा गडू शोधतो, त्याच्यासाठी हिंदीतल्या पोस्ट लागतील. चॅटबॉट हिंदी चांगलं लिहितो, तरी हिंदी घरात बोलणाऱ्या कुणाला तरी एकदा दाखवा.

एका बाबतीत अजिबात सैल राहू नका. तांब्याचा विषय निघाला की चॅटबॉट मधुमेह, वजन, थायरॉईड, कॅन्सर सगळं बरं करून टाकतो. असं एक वाक्यसुद्धा दुकानाच्या नावानं जाऊ देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाचं सोडा, कुणी तुमची पोस्ट वाचून गोळ्या बंद केल्या तर? त्यापेक्षा ताक, लिंबूपाणी, लोणचं असलं आंबट तांब्यात ठेवू नका, हे स्पष्ट लिहा. भांडी विकणाराच कुठे वापरू नये ते सांगतो म्हटल्यावर लोक थांबून वाचतात, आणि अशा पोस्ट एकमेकांना पाठवतातही.

भांड्यांचे फोटो एआयकडून बनवून घेऊ नका. त्यात ठोके एकसारखे येतात, कडी भलत्याच जागी लागते, आणि गिऱ्हाईक तो फोन घेऊन दुकानात येतं तेव्हा दाखवायला ते भांडं नसतं. दुकानाच्या दारात सकाळच्या उजेडात काढलेला साधा फोटो घ्या. पार्श्वभूमी साफ करायला एआय वापरलात तर माझी हरकत नाही.

बाकी, आठवड्यातून एक दुपार बसून सगळं लिहून घ्या आणि मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधीच लावून ठेवायचं ॲप) वेळ लावून टाका, ते फुकट आहे. कमेंट आणि मेसेजना उत्तरं मात्र स्वतः द्या. 'आजीचा हंडा आहे, गळतो, दुरुस्त होईल का?' असं कुणी विचारलं तर आधी फोटो मागवा, सासऱ्यांना दाखवा आणि ते म्हणतील तेच लिहा.